नकाशा-आज्ञावलींच्या अध्यापनातील आभासी साहाय्यक

भौगोलिक माहितीचे संकलन, विश्लेषण व नकाशारूप मांडणी करणाऱ्या संगणकीय आज्ञावली शिकत असताना विद्यार्थ्याच्या शंकांना उत्तरे देणारी, त्याच्या चुका दाखविणारी आणि आवश्यक तेथे त्याला शिक्षकाकडे पाठविणारी संगणकीय प्रणाली म्हणजे आभासी अध्यापन साहाय्यक होय. ‘आभासी’ हे विशेषण येथे प्रत्यक्ष व्यक्ती उपस्थित नसताना तिचे काही कार्य पार पाडणारा या अर्थी योजले जाते. या साहाय्यकाचा उपयोग एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून विद्यापीठीय शिक्षणात वाढू लागला. तथापि त्यामागील कल्पना अर्धशतकाहून अधिक जुनी आहे आणि तिचा पहिला महत्त्वाचा प्रयोग भूगोलाच्याच अध्यापनात झाला.

गरज व स्वरूप : भौगोलिक माहिती प्रणालीच्या (जीआयएसच्या) अभ्यासक्रमात व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाला अधिक वेळ द्यावा लागतो. विद्यार्थ्याला शेकडो आज्ञांतून योग्य ती निवडावी लागते, आधारसामग्री विशिष्ट स्वरूपात साठवावी लागते आणि प्रत्येक टप्प्याचा निष्कर्ष पुढील टप्प्यास पुरवावा लागतो. त्यामुळे त्याच्या शंका दोन प्रकारच्या असतात. ‘अमुक आज्ञा कोठे सापडेल?’ ही पहिल्या प्रकारची शंका होय. ‘येथे हीच आज्ञा का वापरावयाची?’ ही दुसऱ्या प्रकारची. पहिलीचे उत्तर पुस्तिकेत असते. दुसरीच्या उत्तरासाठी नकाशाशास्त्राचे ज्ञान व तारतम्य लागते.

अडचण अशी, की दुसऱ्या प्रकारची शंका विद्यार्थ्याच्या मनात पुष्कळदा येतच नाही. कारण चुकीच्या कृतीनंतरही आज्ञावली बहुधा नकाशा काढून देते. उदा., महाजालावरील बहुतेक पार्श्वभूमी-नकाशे ज्या मर्केटर प्रक्षेपणावर रचलेले असतात, त्यावर सपाट पृष्ठ गृहीत धरून क्षेत्रफळ काढल्यास ते पुण्याच्या अक्षांशावर (सु. १८.५° उ.) प्रत्यक्षापेक्षा सु. ११ टक्के अधिक भरते. ६०° अक्षांशावर ते चौपट होते. तसेच निर्देशांक अंशांत असलेल्या थरावर ‘५००’ एवढ्या अंतराचा पट्टा आखण्यास सांगितल्यास त्या आकड्याचा अर्थ ५०० मीटर असा न होता ५०० अंश असा होतो. दुसरी चूक नकाशा पाहताच उघडकीस येते, पहिली येत नाही. आणि अशा आकड्यावर शेतजमिनीचे वा पूरक्षेत्राचे मोजमाप आधारलेले असले, तर तिचे परिणाम वर्गाबाहेरही होतात. म्हणून या क्षेत्रातील साहाय्यकाची परीक्षा तो किती प्रश्नांना उत्तरे देतो, यापेक्षा तो चूक केव्हा ओळखतो आणि आपले ज्ञान कोठे संपते हे त्याला कळते किंवा नाही, यावर करावी लागते. या साहाय्यकाचा इतिहास त्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते.

पूर्वपीठिका : यंत्राच्या साहाय्याने शिकविण्याचे आधुनिक प्रयत्न अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात सुरू झाले. ओहायओ राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी बहुपर्यायी प्रश्न विचारून उत्तराची लगेच तपासणी करणारे एक यंत्र तयार केले. पुढे बी. एफ्. स्किनर यांनी १९५४ पासून अध्यापन-यंत्रांचा हिरिरीने पुरस्कार केला. पाठ्यविषयाचे लहानलहान पायऱ्यांत विभाजन करून प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याला त्याच्या उत्तराची योग्यायोग्यता तत्काळ कळविणे, हे त्यांच्या क्रमान्वित अध्ययनाचे मुख्य सूत्र होते. या यंत्रांत प्रश्न विचारण्याचा अधिकार केवळ यंत्राकडे होता. विद्यार्थ्याला शंका विचारता येत नसे.

इलिनॉय विद्यापीठात डोनल्ड बिट्झर यांच्या मार्गदर्शनाखाली १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या प्रणालीने संगणक प्रथमच मोठ्या प्रमाणावर अध्यापनात आणला. १९७२ च्या सुमारास उपयोगात आलेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीत आकृत्या दाखविणारा व स्पर्श ओळखणारा प्लाझ्मा पडदा होता. १९७३ मध्ये तिला टिपणे व संदेश लिहिण्याच्या सोयीची जोड मिळाली आणि अडलेला विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला प्रश्न विचारू लागला. यंत्राने पाठ द्यावा व शंका माणसाने सोडवावी, अशी श्रमविभागणी तेथे आपोआप घडून आली. पुढील अनेक दशके दूरशिक्षणात तीच टिकून राहिली.

भूगोल शिकविणारे पहिले संवादी साहाय्यक : विद्यार्थ्याच्या शंकेला यंत्रानेच उत्तर द्यावे, या दिशेने निर्णायक पाऊल हायमे कार्बोनेल यांनी टाकले. मॅसॅचूसेट्समधील ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या संस्थेत त्यांनी ‘स्कॉलर’ ही प्रणाली विकसित केली आणि १९७० मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. तिचा विषय दक्षिण अमेरिकेचा भूगोल हा होता. देश, राजधान्या, नद्या, हवामान, पिके इत्यादींविषयीची माहिती परस्परसंबंधांच्या एका जाळ्याच्या रूपात तीत साठविलेली होती. पाठ आधी लिहून ठेवलेला नसे. या जाळ्यातूनच प्रश्न व उत्तरे त्या त्या वेळी तयार होत. विद्यार्थी आणि यंत्र या दोघांपैकी कोणीही प्रश्न विचारू शके. या गुणांमुळे ‘स्कॉलर’ ही बुद्धिमान अध्यापन प्रणालींची जननी मानली जाते.

कार्बोनेल यांचे १९७३ मध्ये निधन झाले. त्यानंतर ॲलन कॉलिन्झ व त्यांचे सहकारी यांनी हे काम पुढे चालविले. एखादी गोष्ट जाळ्यात नोंदलेली नसेल, तर ‘तसे नाही’ असे यंत्राने म्हणावे की ‘मला माहीत नाही’ असे म्हणावे, हा त्यांच्यापुढील एक मूलभूत प्रश्न होता. अपुऱ्या ज्ञानावरून अनुमान कसे करावे, याविषयीचे त्यांचे विवेचन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. एखाद्या देशाविषयी पुरेशी माहिती असूनही तीत एखाद्या पिकाचा उल्लेख नसेल, तर ते पीक तेथे महत्त्वाचे नसावे असे सावध अनुमान करता येते. माहितीच तुटपुंजी असेल, तर मात्र अज्ञान कबूल करणे योग्य, असा विवेक यंत्रात आणण्याचा तो प्रयत्न होता.

पावसाची कारणमीमांसा शिकविणाऱ्या ‘व्हाय’ या प्रणालीत (१९७७) ॲल्बर्ट स्टीव्हन्झ व कॉलिन्झ यांनी सॉक्रेटीसच्या प्रश्नोत्तर पद्धतीचे नियम संगणकाला पुरविले. विद्यार्थ्याने अपुऱ्या कारणावरून सर्वसामान्य विधान केल्यास त्याच्यापुढे विरोधी उदाहरण ठेवावयाचे, हा त्यांपैकी एक नियम होय. आपल्याकडील उदाहरणाने सांगावयाचे, तर ‘समुद्रकाठी भरपूर पाऊस पडतो’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला कोकणाबरोबर कच्छच्या किनाऱ्याचा विचार करावयास लावण्यासारखे हे आहे. याच गटाने ‘स्कॉलर’ला संवादी नकाशाची जोड दिली. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्थिर नकाशापेक्षा संवादी नकाशाने विद्यार्थी अधिक शिकतात, असे दिसून आले.

आज्ञावली शिकविणारे साहाय्यक : भूगोलाच्या ज्ञानाऐवजी आज्ञावलीचा वापर शिकविणारी प्रणालीही याच परंपरेतून निघाली. १९७५ मध्ये मारिओ ग्रिन्येत्ती व त्यांचे सहकारी यांनी ‘एन्‌एल्‌एस्-स्कॉलर’ची माहिती प्रसिद्ध केली. मजकूर संपादनाच्या एका आज्ञावलीचा वापर नवशिक्याला शिकविणे, हे तिचे काम होते. पाठ, प्रत्यक्ष आज्ञावलीवरील सराव आणि काम चालू असताना विचारलेल्या शंकांची उत्तरे या तिन्ही गोष्टी तीत एकत्र आल्या होत्या. आजच्या साहाय्यकाचे जवळजवळ संपूर्ण रेखाचित्र येथे आढळते. बर्कली येथे रॉबर्ट विलेन्स्की यांनी १९८० नंतरच्या दशकात तयार केलेल्या ‘युनिक्स कन्सल्टंट’ने त्यात भर घातली. विचारणारा नवशिका आहे की जाणकार, याचा अंदाज घेऊन उत्तराचा तपशील कमीअधिक करण्याची योजना तीत होती.

संवादाचा भास आणि आकलन यांतील फरकाची जाणीव त्याआधीच जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘एलायझा’ने (१९६६) करून दिली होती. विचारणाऱ्याचीच वाक्ये थोड्या फेरफाराने त्याला परत करणाऱ्या या साध्या आज्ञावलीला लोक समंजस श्रोता मानू लागले, तेव्हा तिचा कर्ताच अस्वस्थ झाला. कोणती कामे यंत्राकडे सोपवू नयेत, याचे विवेचन करणारा ग्रंथ त्यांनी १९७६ मध्ये लिहिला.

या प्रयत्नांना शैक्षणिक संशोधनाचाही आधार मिळाला. व्यक्तिगत शिकवणी मिळालेला सामान्य विद्यार्थी वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण-विचलनांनी पुढे जातो, असे बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडले. पुढील अभ्यासांत हा लाभ बराच कमी आढळला. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन तो माणसाच्या शिकवणीत सु. ०.७९ व टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन करणाऱ्या यंत्राच्या शिकवणीत सु. ०.७६ प्रमाण-विचलन असल्याचे दाखविले. दोहोंतील अंतर समजले जात होते तेवढे मोठे नाही, हा त्याचा लक्षणीय निष्कर्ष होय.

नकाशा-आज्ञावली व विद्यापीठे : रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने कॅनडात १९६० नंतरच्या दशकात पहिली मोठी भौगोलिक माहिती प्रणाली उभी राहिली. हार्व्हर्ड विद्यापीठात हॉवर्ड फिशर यांनी १९६५ मध्ये संगणकीय आलेखनाची प्रयोगशाळा स्थापन केली. तेथील ‘सायमॅप’ ही आज्ञावली साध्या मुद्रकावर अक्षरे व चिन्हे एकमेकांवर छापून छायांकित नकाशे काढी. ती शिकण्यासाठी प्रयोगशाळेने टपालाद्वारे अभ्यासक्रम चालविला होता. नकाशा-आज्ञावलीच्या अध्यापनात शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील अंतराचा प्रश्न असा आरंभापासूनच उपस्थित झाला होता.

एस्‌री या संस्थेची ‘आर्क/इन्फो’ (१९८२) व क्लार्क विद्यापीठातील ‘इद्रिसी’ (१९८७) यांसारख्या आज्ञावलींमुळे हा विषय विद्यापीठांत पसरला. शिकवू शकणारे अध्यापक मात्र थोडे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय भौगोलिक माहिती व विश्लेषण केंद्राने १९९० मध्ये ७५ व्याख्यानांचा आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्याचे संपादन मायकेल गुडचाइल्ड व कॅरेन केम्प यांनी केले. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातील जोनाथन रेपर व निक ग्रीन यांनी त्याच सुमारास, १९८९ मध्ये, भौगोलिक माहिती प्रणाली शिकविणारा संगणकीय पाठ तयार केला. एका चित्रावरून वा शब्दावरून संबंधित दुसऱ्या पानाकडे जाण्याची सोय त्यात होती. तथापि विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत विचारलेल्या शंकेचे उत्तर देणे, हा त्याचा हेतू नव्हता.

ब्रिटनमध्ये १९९० पासून ‘युनिजिस’ या विद्यापीठसमूहाने या विषयाचे दूरशिक्षण सुरू केले. एस्‌रीचे महाजालावरील शिक्षणकेंद्र १९९७ मध्ये व पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम १९९९ मध्ये सुरू झाला. २०१३ मध्ये त्याच विद्यापीठातील अँथनी रॉबिन्सन यांनी नकाशांविषयीचा सर्वांना खुला असा अभ्यासक्रम महाजालावर चालविला. विद्यार्थी आता वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या वेळी काम करीत. मध्यरात्री अडलेल्या विद्यार्थ्याला उत्तरासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागे. चर्चाफलकांवर तेच ते प्रश्न पुनःपुन्हा येत आणि साहाय्यक अध्यापकांचा बराच वेळ पहिल्या प्रकारच्या शंकांतच खर्च होई.

आधुनिक आभासी साहाय्यक : ही अडचण नकाशा-आज्ञावलींपुरती मर्यादित नव्हती. तिच्यावरील सर्वांत गाजलेला उपाय अटलांटा येथील जॉर्जिया तंत्रविद्या संस्थेत अशोक गोयल यांनी योजिला. त्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमात सु. ३०० विद्यार्थी असत आणि एका सत्रात सु. १०,००० संदेश येत. विद्यार्थी वाढले, की प्रश्नांची संख्या वाढते. परंतु निरनिराळ्या प्रश्नांची संख्या त्या मानाने फारशी वाढत नाही, हे ध्यानात घेऊन त्यांनी आधीच्या सत्रांतील सु. ४०,००० संदेशांच्या आधारे ‘जिल वॉटसन’ हा साहाय्यक आयबीएम् संस्थेच्या ‘वॉटसन’ या प्रणालीवर उभारला. जानेवारी २०१६ मध्ये त्याचा वापर सुरू झाला. प्रारंभी त्याची उत्तरे पुष्कळदा चुकत. त्यामुळे ती विद्यार्थ्यांना न दाखविता आधी माणसांकडून तपासून घेण्यात येत. पुढे ज्या उत्तराविषयी प्रणालीला ९७ टक्के वा अधिक खात्री असेल तेवढेच उत्तर द्यावयाचे व उरलेले प्रश्न मानवी साहाय्यकांवर सोपवावयाचे, असा नियम ठरविण्यात आला.

या प्रयोगाच्या यशाचे मर्म त्या नियमात आहे. मौन कोठे पाळावे, हे येथे यंत्राला बाहेरून ठरवून देण्यात आले होते. तथापि या प्रयोगावर एक गंभीर आक्षेपही येतो. ‘जिल’ हे यंत्र असल्याचे विद्यार्थ्यांना सत्राच्या अखेरीस सांगण्यात आले. बहुतेकांना तोपर्यंत ते उमगले नव्हते. आपल्याशी बोलणारा कोण आहे, हे जाणण्याचा विद्यार्थ्याचा हक्क या निमित्ताने चर्चेत आला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ खुले झाल्यानंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. विपुल मजकुरावरून भाषेचे संभाव्य आकृतिबंध आत्मसात करणाऱ्या अशा प्रणालींना कोणताही प्रश्न कोणत्याही शब्दांत विचारता येतो आणि त्या संगणकाच्या आज्ञाही लिहून देतात. २०२३ मध्ये पीटर मूनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रणालीच्या दोन आवृत्त्यांना भौगोलिक माहिती प्रणालीच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाची परीक्षा देण्यास लावले. नंतरची आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा पुष्कळच सरस ठरली. त्याच वर्षी झेनलाँग ली व हुआन निंग यांनी एक पाऊल पुढे टाकले. साध्या भाषेत सांगितलेले भौगोलिक विश्लेषण स्वतःच टप्पे ठरवून पार पाडणाऱ्या प्रणालीची कल्पना त्यांनी मांडली व तिचा नमुनाही तयार केला.

या साहाय्यकांचे दोषही प्रात्यक्षिकांत लवकरच दिसू लागले. त्या कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या आज्ञेचे नाव आत्मविश्वासाने सांगतात. जुन्या व नव्या आवृत्त्यांची सरमिसळ हा दुसरा दोष होय. ‘क्यूजीआयएस’ या मुक्त आज्ञावलीची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली, तेव्हा आधीच्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या अनेक आज्ञा निरुपयोगी झाल्या. परंतु त्यांविषयीचा जुना मजकूर महाजालावर तसाच राहिला व त्याचे पडसाद उत्तरांत उमटतात. असे दोष आज्ञावली स्वतःच उघड करते. प्रक्षेपण किंवा मापन-एकक यांविषयीची चूक मात्र ती उघड करतेच असे नाही. अशा वेळी विद्यार्थ्याच्या एका बाजूस कशालाही नकाशा काढून देणारी आज्ञावली व दुसऱ्या बाजूस कशालाही उत्तर देणारा साहाय्यक असतो आणि थांबविणारे कोणीच नसते. या उणिवेवर उपाय म्हणून साहाय्यकाला त्या अभ्यासक्रमाची टिपणे व पुस्तिका पुरवून त्यांच्याच आधारे उत्तर देण्यास लावणे, तयार उत्तराऐवजी सूचक प्रश्न विचारावयास लावणे आणि संवादांची नोंद शिक्षकाला पाहता येईल अशी व्यवस्था करणे, हे मार्ग अवलंबिले जातात. त्यांपैकी दुसरा मार्ग कॉलिन्झ यांच्या नियमांचेच नवे रूप होय.

भारतातील स्थिती : भारतात या विषयाच्या शिक्षणाचा पाया डेहराडून येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय छायाचित्र-अर्थनिर्वचन संस्थेने घातला. पुढे भारतीय सुदूर संवेदन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने २००७ पासून उपग्रहाद्वारे व नंतर महाजालाद्वारे विद्यापीठांसाठी दूरशिक्षण चालविले. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत (आयआयटी) ‘ग्रॅम++’ ही देशी नकाशा-आज्ञावली तयार झाली. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाने मुक्त आज्ञावलींचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले. त्यांत क्यूजीआयएसचे पाठ आहेत. प्रकल्पातील पाठांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करण्याचे धोरण ठेवण्यात आले. पाठ पाहता पाहता त्याच आज्ञा आपल्या संगणकावर करावयाच्या, ही त्यातील पद्धत शिक्षक हाताशी नसलेल्या विद्यार्थ्याला उपयुक्त ठरते.

येथील विद्यार्थ्याच्या काही शंका स्थानिक स्वरूपाच्या असतात. भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने स्थलवर्णनात्मक नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार काढलेली खुली मालिका व उपग्रहांवरून स्थाननिश्चिती करणारी उपकरणे मात्र ‘डब्ल्यूजीएस् ८४’ हा आधार वापरतात. योग्य रूपांतर न करता हे दोन्ही एकमेकांवर ठेवल्यास विहिरी, रस्ते व सीमा आपल्या जागेवरून सरकतात. गटवारी, सात-बारा किंवा गावनकाशा यांविषयीच्या प्रश्नांना केवळ परदेशी पुस्तिकांवर पोसलेला साहाय्यक समाधानकारक उत्तर देईलच, असे गृहीत धरता येत नाही. दुसरीकडे, प्रश्न मराठीत विचारता येणे ही लहान सवलत नव्हे. इंग्रजीच्या संकोचामुळे वर्गात कधीच न विचारलेली शंका विद्यार्थी यंत्राला विचारू शकतो.

मूल्यमापन : १९७० पासूनच्या या इतिहासात साहाय्यकाची बोलण्याची शक्ती सतत वाढत गेली, आपल्या अज्ञानाची जाणीव मात्र त्याच वेगाने वाढली नाही. ‘स्कॉलर’ला थोडे ठाऊक होते, परंतु ते किती थोडे आहे याचा विचार तिच्या रचनेत होता. ‘जिल वॉटसन’ला मर्यादा बाहेरून घालून देण्यात आली. त्यानंतरच्या प्रणालींत ती मर्यादा घालणे हे प्रत्येक विद्यापीठाचे व प्रत्येक शिक्षकाचे काम होऊन बसले आहे. पहिल्या प्रकारच्या शंका साहाय्यकाने सोडविल्यामुळे शिक्षकाचा जो वेळ वाचतो, तो दुसऱ्या प्रकारच्या शंकांसाठी राखून ठेवल्यास या साधनाचा लाभ निर्विवाद आहे. तो वेळ शिक्षकांची संख्या कमी करण्याचे निमित्त ठरल्यास मात्र आज्ञा बिनचूक देणारे, परंतु चुकीचा नकाशा ओळखू न शकणारे पदवीधर तयार होण्याचा धोका आहे. म्हणून साहाय्यकाची मदत घेऊन काढलेल्या नकाशाचे प्रक्षेपण, मापन-एकक व आधारसामग्रीचा स्रोत यांचे समर्थन विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत करावे, अशी तोंडी परीक्षेची जुनी प्रथा या अभ्यासक्रमात चालू ठेवणे इष्ट होय.

पहा : कृत्रिम बुद्धिमत्ता, दूरशिक्षण, नकाशा, नकाशा प्रक्षेपणे, संगणक.